असेंबल संगणक घेताना: झगमगाट नव्हे, ताळमेळ पाहा

वालीव, सातिवली, गोखिवरे या वसई पूर्वेच्या पट्ट्यात गाळे चालविणाऱ्या आणि गाळ्यांत काम करणाऱ्या बंधूंच्या घरी आजकाल एक मागणी हमखास पुढे येते. मुलगा बारावी किंवा डिप्लोमाला जातो आणि म्हणतो, "अब्बा, मला गेमिंग कॉम्प्युटर हवा." वडिलांना प्रश्न पडतो की साठ-सत्तर हजार रुपये खेळण्यासाठी घालायचे काय? आणि घालायचेच झाले तर ते योग्य जागी पडले की नाही, हे कळायचे कसे? खराद यंत्राचा आवाज ऐकून त्याचे बेअरिंग गेले आहे हे सांगणारा कारागीर संगणकाच्या दुकानात मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो. या लेखात आम्ही याच व्यवहाराची माहिती देत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका डाय बनविणाऱ्या बंधूंचा अनुभव आधी सांगतो. त्यांनी मुलासाठी बावन्न हजारांत "कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड" असा संगणक घेतला. काचेचे कॅबिनेट, आत रंगीबेरंगी दिवे, पाहताच मन भरावे असा थाट! घरी आणल्यावर खेळ अडखळत चालू लागले. जाणकाराने कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा म्हणजे २०१२ सालचा, ग्राफिक्स कार्ड २०१४ सालचे जीटी ७३० आणि एसएमपीएसवर कंपनीचे नावच नाही, असा प्रकार निघाला. पावसाळ्यात एके दिवशी विजेचा दाब वरखाली झाला आणि एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. बिल मागायला गेले, तर हाती होता व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलेला हिशेब.

यात एकही शब्द उघड खोटा नव्हता हे ध्यानात घ्या. आय-७ होता, चार जीबीही होते. खोट होती ती जे सांगितले नाही त्यात.

काम आधी, भाग नंतर

दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी घरी बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात: या संगणकावर काय काय करायचे, पडदा किती मोठा घ्यायचा आणि हाती रोख किती आहे. गेमिंग संगणक म्हणजे निव्वळ खेळणे, हा समज बरोबर नाही. जे यंत्र खेळातील दृश्ये सेकंदाला शंभर वेळा रेखाटू शकते, तेच यंत्र डायचे त्रिमितीय डिझाइन, लग्नाच्या व्हिडिओचे संपादन आणि पॅकिंगच्या खोक्याची छपाईची फाइल हीसुद्धा कामे करते. म्हणून मध्यम बजेटचा संगणक घेताना बाप-लेकांनी एकत्र बसावे. दिवसा गाळ्याचे काम, संध्याकाळी ठरलेल्या वेळेत मुलाचा खेळ, अशी वाटणी केली तर पैसा वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

खेळाविषयी एक सूचना येथेच करतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा सरळ जुगार आहे व तो आपल्याला हराम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैशांच्या खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. मुलाला हा फरक समजावून सांगावा.

शंभर रुपयांचे वाटे

संगणकाच्या भागांचे भाव भाजीसारखे बदलतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की आदल्या दिवाळीचा हिशेब निरुपयोगी झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी चिप उचलण्यास सुरुवात केली, त्याची झळ वसईच्या गिऱ्हाइकालाही बसली. म्हणून आम्ही रुपयांऐवजी वाटे सांगतो. ते आमच्या अंदाजाचे आहेत. मॉनिटर आणि यूपीएस वगळून शंभर रुपये खर्च करायचे असतील, तर ग्राफिक्स कार्डाला ३८, प्रोसेसरला १८, मदरबोर्डला १२, रॅमला १२, एसएसडीला ८, एसएमपीएसला ७ आणि कॅबिनेटला ५ असे वाटे पडावेत. रॅम महाग असताना तिचा वाटा वाढेल. तो कार्ड आणि कॅबिनेटमधून काढावा, एसएमपीएसमधून कधीही काढू नये.

हा ताळमेळच साऱ्या व्यवहाराचा गाभा आहे. जबरदस्त प्रोसेसर आणि दुबळे कार्ड म्हणजे ट्रकच्या इंजिनाला सायकलची चाके! ज्या बंधूंच्या गाळ्यात मोल्डिंग मशीन आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. मशीन कितीही टनांचे असो, डाय खराब असेल तर माल खराबच निघतो.

ग्राफिक्स कार्ड: नाव नव्हे, पूर्ण नाव वाचा

खेळाचे ओझे मुख्यतः ग्राफिक्स कार्ड वाहते. ते किती दमदार हवे हे पडद्यावरून ठरते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. म्हणजे फोर-के घेतला की कार्डावरील काम चौपट झाले. मध्यम बजेटच्या गिऱ्हाइकाने २४ इंची फुल एचडी, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून थोडा अधिक, आयपीएस जातीचा मॉनिटर घ्यावा आणि समाधान मानावे. १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलतो. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्याशी तुलना केली तर फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

अशा पडद्याला एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६०, एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी किंवा इंटेलचे आर्क बी५८० या जातीची कार्डे पुरेशी आहेत. मात्र कार्डाचे नाव पूर्ण वाचावे. आरएक्स ९०६० एक्सटी हे एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत विकले जाते. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत आहे. त्यातील ६ जीबीच्या रूपात फक्त मेमरीच नव्हे तर आतील गणना करणारे गाभेही कमी आहेत. आरएक्स ५८० च्या नावाखाली "२०४८ एसपी" असे शेपूट लावून मिळणारे कार्ड मूळ ५८० नसते. मूळ कार्डात असे २३०४ गाभे आहेत. अधिक मेमरी म्हणजे अधिक वेगवान कार्ड, हाही गैरसमजच. आमच्या त्या बंधूंचे ४ जीबीचे कार्ड याचेच उदाहरण. तथापि एकाच जातीची दोन कार्डे समोर असतील तर अधिक मेमरीचे घ्यावे, कारण नवे खेळ ८ जीबीला अपुरे ठरवू लागले आहेत.

त्रिमितीय डिझाइनचे मोठे काम करणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. सॉलिडवर्क्ससारख्या प्रणाली काही ठरावीक व्यावसायिक कार्डांनाच प्रमाणित करतात. गेमिंग कार्डावर लहान-मध्यम डायचे काम चालते, पण शेकडो भागांची जोडणी करायची असेल तर आधी सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारावे.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड: पिढी विचारा

"आय-५ की आय-७" हा प्रश्न अपुरा आहे. "कितव्या पिढीचा" हा खरा प्रश्न. नव्या पिढीचा मधला प्रोसेसर दहा वर्षे जुन्या मोठ्या प्रोसेसरला सहज मागे टाकतो. ओळखण्याची एक सोपी खूण अशी की विंडोज ११ ही प्रणाली अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा दुकानदार नव्या संगणकावर विंडोज १० घालून देत असेल तर कॅबिनेट उघडून पाहण्याची विनंती करावी.

मध्यम बजेटमध्ये एएमडीचा रायझन ५ ७६००, म्हणजे सहा गाभ्यांचा प्रोसेसर, चांगला. डब्यात पंखाही येतो, वेगळा कूलर घ्यावा लागत नाही. त्याचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व पुढेही त्याला आधार देऊ असे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे काही वर्षांनी त्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर बसविता येईल. इंटेलचे बारावी ते चौदाव्या पिढीचे मधले प्रोसेसरही चांगले आहेत. परंतु तेराव्या-चौदाव्या पिढीतील बऱ्याच, विशेषतः वरच्या दर्जाच्या, प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे बाधा होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने दुरुस्तीचे बायोस दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. असा प्रोसेसर घेतल्यास बायोस अद्ययावत करून मागावे आणि जुना तर घेऊच नये. इंटेलच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल तर त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील.

रॅम १६ जीबी ही आजची किमान गरज समजावी. डिझाइन किंवा व्हिडिओचे काम असेल तर ३२. एकाच मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या लावल्यास वेग अधिक मिळतो. हात आखडता असेल तर एक पट्टी आज आणि तशीच दुसरी नंतर, असेही चालते. एएम५ ला डीडीआर५ जातीचीच रॅम लागते, जुन्या संगणकातील डीडीआर४ त्यात बसत नाही. साठवणुकीला एनव्हीएमई जातीची १ टीबी एसएसडी घ्यावी, कारण एकेक मोठा खेळ शंभर जीबीहून अधिक जागा अडवितो. डोळे दिपविणाऱ्या वेगाच्या महागड्या एसएसडीने खेळात फारसा फरक पडत नाही.

एसएमपीएस: येथे काटकसर करू नका

एसएमपीएस म्हणजे संगणकाचे हृदय, आणि सर्वाधिक फसवणूक याच भागात होते, कारण तो दिसत नाही. हिशेब पाहा. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॅट, रायझन ७६०० ला पूर्ण भारावर सुमारे ९० वॅट आणि बाकी भागांना ५०-६० वॅट. बेरीज तीनशेच्या आत येते. यासाठी नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरे. निनावी डब्यावर "७५० वॅट" छापलेले असले तरी त्यावर भरवसा ठेवू नये. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते ते सांगतात, मालाची मजबुती सांगत नाहीत. म्हणून शिक्क्याबरोबरच वॉरंटीची वर्षे पाहावीत. जो कारखानदार पाच किंवा अधिक वर्षांची हमी देतो त्याला आपल्या मालाची खात्री असते.

वालीवच्या गाळ्यांसाठी हे अधिकच महत्त्वाचे. ज्या लाइनवर वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसर चालतात तिच्यावर विजेचा दाब सतत हलतो. संगणकाला वेगळी लाइन आणि पक्के अर्थिंग द्यावे. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट वाचावेत. ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसह हा भार पूर्ण चालू असताना कसाबसा पेलेल, १००० व्हीएचा, साधारण ६०० वॅटचा, घेतला तर निश्चिंत राहाल. ग्राइंडरचा लोखंडी कीस वीजवाहक असतो. तो पंख्याबरोबर आत ओढला गेला की बोर्डवर शॉर्ट झालाच समजा! म्हणून संगणक यंत्रापासून दूर, बंद खोलीत ठेवावा आणि कॅबिनेट पुढून जाळीचे, धुळीच्या फिल्टरचे घ्यावे. पुढे अखंड काच असलेले कॅबिनेट दिसायला सुंदर, पण त्यातून हवा जात नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होते आणि वीज बंद होती, ते कोणी विसरलेले नाही. संगणक जमिनीवर ठेवू नये, एवढा धडा त्यातून घेऊ या.

जुना माल आणि धान्याचा ढीग

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला असलेला लॅमिंग्टन रोड हा मुंबईतील संगणकाच्या भागांचा मोठा बाजार. वसई रोडहून लोकलने जाऊन तीन-चार दुकानांत भाव विचारावा आणि प्रत्येकाकडून भागांची पूर्ण नावे लिहून घ्यावीत. तेथे जुनी कार्डेही मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली व कार्डांच्या साह्याने ते मिळविण्याचा धंदा बंद पडला. त्यानंतर महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डे बाजारात आली. असे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. परंतु पंखे, थंड ठेवणारे पेस्ट-पॅड आणि मेमरी यांची झीज झालेली असते. जुने कार्ड घ्यायचेच तर दुकानातच जीपीयू-झेड या मोफत प्रणालीने त्याची खरी ओळख तपासावी, अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान पाहावे आणि चाचणीची लेखी मुदत घ्यावी.

विकणाऱ्या बंधूंनाही आमचे सांगणे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतील धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसविणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. दुरुस्त केलेले कार्ड "दुरुस्त केलेले" म्हणून विकणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणे होय. भाव थोडा कमी येईल, पण त्या कमाईत बरकत आहे. जी मुले असेंबलिंगचा व्यवसाय करू इच्छितात त्यांनी भागांच्या किमतीत नफा लपविण्याऐवजी मजुरी उघड सांगावी, यादीवर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहावा आणि रिकामी खोकी गिऱ्हाइकाला द्यावीत. वालीवमध्ये अशा एका प्रामाणिक दुकानाची कीर्ती व्हायला जाहिरात लागणार नाही.

बिल, कर आणि हप्ता

"बिलाशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील" या बोलण्याला भुलू नये. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरे. पण वॉरंटीचा दावा करताना बिलच लागते. शिवाय ज्यांची नियमित जीएसटी नोंदणी आहे आणि संगणक धंद्यासाठी आहे, त्यांना करसहित साठ हजारांच्या बिलातील सुमारे ९,१५३ रुपये कराची वजावट मिळू शकते. बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ही सवलत नाही. आणि संगणक केवळ मुलाच्या खेळासाठी असेल तर तो धंद्याच्या नावावर दाखवू नये. ती सरकारची आणि स्वतःचीही फसवणूक होय. हाच न्याय चोरीच्या विंडोजला लागू आहे. परवान्याचे पैसे बजेटमध्ये धरावेत, नाहीतर लिनक्स ही मोफत प्रणाली वापरावी. तिच्यावर बरेच खेळ चालतात, मात्र सर्व नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. "नो कॉस्ट ईएमआय" मध्ये व्याज नाही, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बँक व्याज आकारते आणि विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून कमी करतो. क्रेडिट कार्डाच्या पत्रकात व्याज आणि त्यावरील जीएसटी वेगळा दिसतो. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही असे बँकांना कळविले होते. ज्याला सूद टाळायचे आहे त्याने या शब्दांना भुलू नये आणि शंका असेल तर आलिमांना विचारावे.

मग पूर्ण रक्कम नसेल तर काय? हप्त्यांऐवजी टप्प्यांनी घ्यावे! असेंबल संगणकाचे खरे वैशिष्ट्य हेच आहे की तो एकदम घ्यावा लागत नाही. पहिल्या टप्प्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमची एक पट्टी, एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि कॅबिनेट घ्यावे. रायझन ७६०० मध्ये पडदा चालविण्याइतके ग्राफिक्स असते. मुलाचा अभ्यास, गाळ्याचा हिशेब आणि द्विमितीय नकाशे त्यावर आरामात होतात. नव्या खेळांसाठी मात्र थांबावे लागेल. सहा-आठ महिन्यांनी पैसे जमले की कार्ड घ्यावे, त्यानंतर रॅमची दुसरी पट्टी. एसएमपीएस आधीच योग्य घेतला असेल तर काहीही फेकावे लागत नाही. मुलालाही सांगावे की सुटीत गाळ्यावर काम कर आणि कार्डाच्या पैशांत आपला वाटा घाल. स्वतःच्या घामाचे चार पैसे ज्यात पडले ती वस्तू तो जपून वापरील.

इस्लामने उधळपट्टीही शिकविली नाही आणि कंजूषीही नाही. दोहोंमधला मार्ग दाखविला आहे. दिव्यांवर पैसे उधळून एसएमपीएसवर वाचविणारा एकाच खरेदीत दोन्ही चुका करतो. आमच्या त्या डायवाल्या बंधूंनी दुसऱ्या वेळी यादी स्वतः केली, पक्के बिल घेतले आणि कार्डासाठी सात महिने थांबले. आज त्याच संगणकावर दिवसा डायचे डिझाइन होते आणि मगरिबनंतर मुलाला तासभर खेळायला मिळते. कॅबिनेट साधे काळे आहे. आत एकही रंगीत दिवा नाही.